रोयणीपासून दोन हात दूर

रोयणीपासून दोन हात दूर उगवली होती ती,
पांढरी, ओलसर, रोयणीच्या अळम्यांहून देखणी.
सगुण झर्मेकराने चुडताच्या टोपलीतून घरी आणली.
शेवंतीने खोबरं घालून सुकं केलं
आणि सोमवार होता म्हणून स्वतः चाखलंसुद्धा नाही.

पहाटे वांत्या. वाळपईहून बांबोळी,
रुग्णवाहिकेत दोन बादल्या.
दुसऱ्या दिवशी हा उठून बसला!
पेज मागितली, तोरांचं लोणचं मागितलं,
शेजारच्या खाटेवरल्या म्हाताऱ्याला
काजूचं कलम कसं बांधायचं ते
टॉवेलाची गाठ मारून दाखवलं.
शेवंती म्हणाली, आता सोडतील ना घरी?
डॉक्टर फुर्तादोंनी तिच्याकडे पाहिलं नाही.
एक नळी भरून खाली पाठवली.

खाली मी. रात्रपाळी.
रक्त गोठायला किती सेकंद लागतात, ते मोजते.
तेरा असावेत.
एकोणतीस.

वर तो लोणचं चाटत असेल, आणि मला इथे
त्याचं यकृत ऐकू येत होतं.

प्रत्येक पेशीच्या पोटात एक बंद खोली.
मूळ पोथी तिथून हलत नाही.
बाहेर येते ती नक्कल, हवी तेवढीच,
चार अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी.
रायबोसोम तिला तीन-तीन अक्षरांनी चाचपतो
आणि म्हापशाच्या बाजारातली फुलकारीण
गिऱ्हाइकाशी भांडता भांडता अबोली ओवते,
तसा एकेक मणी जोडत जातो.
सर संपली की ती आपसूक दुमडते,
गाठीगाठीला वळते,
आणि कामाला लागते.

चिठ्ठी पुन्हा वाचतात. पुन्हा.
मग फाडून टाकतात.
फाडायला वेगळी माणसं ठेवलेली,
लिहिणाऱ्यांइतकीच मानाची.
कारण जेवण झाल्यावरचा हुकूम वेगळा,
उपाशी रात्रीचा वेगळा, तापातला वेगळा.
कालची चिठ्ठी आजही टिकली असती
तर पेशी लग्न उरकल्यावरही
पंगतीचा भात शिजवत बसली असती.

विसरायची ही शिस्त
मला कॉलेजात फार आवडायची.

अळमीतलं विष आत शिरलं
आणि त्याने काही फोडलं नाही, जाळलं नाही.
खोलीत जाऊन
लिहिणाऱ्याचा हात धरला.

बाहेर कुणाला कळणार?
जुन्या चिठ्ठ्या होत्या. ओवणं चालू होतं.
फाडणारेही आपलं काम इमानाने करत होते.
त्या उरल्यासुरल्या चिठ्ठ्यांवर एक दिवस निघाला,
ज्यात पेज होती, टॉवेलाची गाठ होती.

अल्ब्युमिन अगदी ठीक आलं.
ते तीन आठवड्यांपूर्वीचं घडवलेलं,
त्याच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती.
रक्त गोठवणारा सातवा घटक मात्र
पाच-सहा तासांत अर्धा होतो.
घरात सगळ्यांत आधी तोच खरं बोलला.

तिसऱ्या रात्री चव्वेचाळीस.
चौथ्या रात्री सगुणाने बायकोला
आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.
एकसष्ट.
शेवंती प्रयोगशाळेच्या दाराशी आली होती,
हातात रिकामा डबा.
मी केलेलं सुकं, म्हणाली, आणि थांबली.
मला पेशी समजावून सांगता येते.
तिला मी स्टूल दिलं.

पाचव्या रात्री साठ.
यंत्राची चूक असते एवढी. लिहून ठेवलं.

सहाव्या रात्री सत्तावन्न.
वॉर्डात फोन केला: आज प्लाझ्मा चढवला का?
नाही, सिस्टर म्हणाली, कालपासून नाही.
दुसरी नळी मागवली.
घड्याळाकडे न बघता घड्याळ लावलं.

छप्पन्न.

म्हणजे कुठेतरी, मेलेल्यांच्या शेजारी
वाचलेल्या एखाद्या पेशीत
बोटं मोकळी झाली असावीत.
अक्षर अजून वाकडं असेल.
चिठ्ठी मात्र आजची.

शेवंतीला काय सांगू, आकडा?
स्टुलावर बसल्याजागी ती झोपली होती.